शालनबायची काळी

आमच्या कॉलेजात सहकाऱ्यांकडे लघवी मागण्याची हिंमत एकाच माणसात होती. डॉ. शालन गावस ती मागायच्या, आणि इतक्या अदबीने मागायच्या की घरच्या कार्याचं आमंत्रण देताहेत असं वाटावं. हातात झाकणाची छोटी बाटली, बाटलीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर तुमचं नाव सुवाच्य अक्षरात आधीच घातलेलं. नाव घालून आणलेल्या बाटलीला नाही कसं म्हणायचं? प्राचार्यांच्या बाटलीवर तर त्यांनी नावाआधी ‘मा.’सुद्धा लिहिलं होतं.

डिचोलीच्या त्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. विद्यार्थ्यांच्या गावस मॅडम, आम्हा सहकाऱ्यांच्या शालनबाय. ठेंगण्या, घाईच्या, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. राहायच्या लाटंबार्सेला, थोरल्या भावाकडे. या भावाला सगळा गाव आपा म्हणे. आपाचं केळी-माडांचं कुळागर होतं आणि शालनबाय रोज सकाळच्या बसने तिथून यायच्या. मी त्याच विभागात, त्यांच्याहून बराच धाकटा. त्यामुळे इतरांना ‘अहो’ म्हणणाऱ्या शालनबाय मला ‘रे शशी’ म्हणत.

माझ्याबद्दल इतकंच सांगायला हवं की मी जन्मजात अपराधी माणूस आहे. पेडण्याहून स्कूटरने येताना वाहतूक पोलीस दिसला की सगळे कागद बरोबर असूनही मी आपणहून थांबतो. मागच्या गाडीने हॉर्न दिला की मान खाली घालतो. वर्गात एखादा मुलगा नापास झाला की त्याच्या बापाला मीच सॉरी म्हणतो. शालनबायना हा स्वभाव अजिबात मानवत नसे. त्या म्हणत, ‘‘शशी, तुका पापां करपाक वेळ खंय मेळता रे? सकाळीं सातांक घरातल्यान भायर सरता तूं.’’

त्यांचं स्वतःचं लक्ष एकाच गोष्टीत होतं. तिचं नाव काळी.

काळी म्हणजे एक काळा डबा. प्रयोगशाळेच्या टोकाला जुनं सामान ठेवायची एक खोली होती, तिच्या जनेलाला, म्हणजे खिडकीला, काळा कागद डकवून शालनबायनी पूर्ण अंधार केला होता. त्या अंधारात हा डबा. डब्यात एक निळा दिवा, काचेची एक पट्टी आणि पट्टीवर कोळशाच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप. कण इतके बारीक की त्यांच्यापुढे आपला केस म्हणजे हमरस्ता. निळा प्रकाश पडला की हे कण जागे होतात आणि किंचितशी वीज सोडतात. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडायला जी रसायनं वापरतात त्यांतलं एक डोपामिन. ते या जाग्या कणांजवळ आलं की वीज वाढते. जितकं डोपामिन, तितकी वाढ. काळीचं काम एवढंच.

शालनबायच्या घरी पूर्वी एक काळी म्हैस होती, तिच्यावरून हे नाव. विजेला त्या ‘दूध’ म्हणत. मोजमापाला बसण्याआधी डब्याच्या कुशीवर दोनदा थोपटत आणि म्हणत, ‘‘उठ गो बाये.’’ आकडा कमी आला की बाहेर येऊन सांगत, ‘‘आयज काळी रागार आसा.’’ एकदा विद्यापीठातून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांना त्या इंग्रजीत समजावत होत्या, मध्येच म्हणाल्या की काल तिने सकाळी चांगलं दिलं पण संध्याकाळी लाथ मारली. पाहुण्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आपाला कंपवात होता. मेंदूत डोपामिन कमी पडलं की हात थरथरू लागतात, तो आजार. औषधाचं शरीरात डोपामिन होतं आणि त्यातलं काही लघवीत उतरतं; ते किती लागू पडतं हे पाहायला नमुने दूरच्या शहरात पाठवावे लागत, आणि उत्तर येईपर्यंत डॉक्टरांनी औषध बदललेलं असे. शालनबायना वाटे, काळीसारखा डबा तालुक्याच्या दवाखान्यात असावा आणि सकाळच्या बाटलीचं उत्तर दुपारच्या जेवणाआधी मिळावं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहा ढवळता ढवळता, आणि लगेच विचारलं, साखर घातली होती का मी.

काळीला सगळ्यांत वाईट वैरी म्हणजे उजेड. बाहेरच्या उजेडाची एक रेघ आत आली तरी मोजमाप वाया जाई, आणि लेप दिलेली पट्टी उघड्या उजेडात राहिली तर कायमची निकामी होई. म्हणून दारावर पाटी होती: ‘दार उघडू नये. आत अंधार आहे.’ ती वाचून हमखास प्रत्येक जण अंधार पाहायला दार उघडायचा.

एकदा खुद्द प्राचार्यांनी उघडलं. ऐन मोजमाप चालू. आतून आवाज आला, ‘‘कोण तो? दार धांप. पांय थंयच दवर.’’ प्राचार्य स्वभावाने आज्ञाधारक. त्यांनी आत येऊन मागे दार लावलं आणि जिथे होते तिथे उभे राहिले. थोड्या वेळाने अंधारातून एक हात आला आणि त्यांच्या हातात काचेची नळी देऊन गेला. ‘‘धर हें. हालूं नाका.’’ त्यांनी धरली. मोजमाप संपत आलं. मग शालनबायनी विचारलं, ‘‘तूं खंयच्या वर्गाचो रे?’’

‘‘मी प्राचार्य,’’ प्राचार्य हळूच म्हणाले.

अंधारातला हुकूम एकदम अदबीचा झाला.

‘‘मग दोन्ही हातांनी धरा, सर.’’

हा प्रसंग प्राचार्यांनीच पुढे स्टाफरूममध्ये सांगितला, आणि सांगताना त्यांना आपण काही मोठं काम केल्यासारखं वाटत असावं.

कोळशाचे कण कशापासून करायचे हा त्यांचा दुसरा छंद. विकत मिळतात ते महाग, शिवाय त्यांत मजा नाही. जे जे करपतं त्यात कोळसा असतोच, हा त्यांचा सिद्धांत. करपलेला पदार्थ कुटायचा, पाण्यात घालून पोलादी भांड्यात घट्ट बंद करून उच्च दाबाखाली शिजवायचा, गाळायचा. चहाच्या रंगाचं पाणी मिळतं. अंधारात त्यावर जांभळ्या टॉर्चचा झोत सोडला की कुठलं पाणी निळं चमकतं, कुठलं हिरवं, आणि कुठलं तोंड फिरवून बसतं. पोदेराकडची जळकी पोई, म्हणजे पाव, झाली, काजूच्या बोंडूंचा रस झाला, भिंडां म्हणजे कोकमं झाली. सोमवारी सकाळी स्टाफरूममध्ये शिरताना त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘‘कोणागेर कितें करपलें?’’ विवाहित पुरुष लगेच वर्तमानपत्रात डोकं घालत.

मला खोटं बोलता येत नाही. एका रविवारी माझ्या बायकोचं, विद्याचं, धोंडस बुडाला लागलं होतं. तवशाचा, म्हणजे काकडीचा, गूळ घालून केक करतात ते. तळाचा काळा थर मी तिच्या नकळत खरवडून डब्यात भरून नेला. त्या थराचं पाणी असं निळं चमकलं की शालनबाय अंधारातच माझा हात धरून बसल्या. खंड्या पक्ष्याच्या पाठीचा निळा. त्या लेपावर काळीने आजवर कधी दिलं नव्हतं इतकं दूध दिलं.

कॉलेजच्या विज्ञानदिनाला त्यांनी यावर भाषण केलं. विद्या दुसऱ्या रांगेत, नव्या साडीत. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: ‘कार्बनचा स्रोत: सौ. विद्या परब यांचे करपलेले धोंडस.’ शालनबायनी तिला उभं राहायला लावलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. परतताना स्कूटरवर विद्याने अस्नोड्यापर्यंत दोन्ही हात पर्सवर ठेवले, माझ्या खांद्यावर नाही. अस्नोड्याच्या पुलावर म्हणाली, ‘‘आता घरात जे करपेल ते तू करपवशील.’’ मी रात्रभर माफी मागण्याचे वेगवेगळे मजकूर तयार केले.

पण शालनबायना तर तेच धोंडस पुन्हा हवं होतं. एकदा झालेला प्रयोग म्हणजे गप्पा, पुन्हा तसाच झाला तर विज्ञान. त्या पेडण्याला आमच्या घरी आल्या, थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन, आणि विद्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. आता विद्याला ईर्षा चढली. तिच्या हातून धोंडस करपेना. एकापेक्षा एक सुरेख झालं. मी आणि मुलं खात होतो, शालनबाय कपाळाला हात लावून कदेलावर बसल्या होत्या. ‘‘मात्शें करपय गो विद्या, म्हज्याखातीर.’’ ‘‘करपवते तर आहे हो, पण जळत नाही.’’ शेवटी विद्याच्या आईचा फोन आला. फोन चालू असताना ते असं सुरेख लागलं की सगळ्या घरात धूर. शालनबायनी कृतीच्या टिपणात लिहिलं, ‘या टप्प्यावर आईशी बोलावे.’ त्या दिवसापासून विद्या आणि त्या जिवलग मैत्रिणी, आणि दोघी मिळून माझीच चेष्टा करायच्या.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

काळीचा खर्च बाहेरच्या एका निधीतून चाले आणि ते वर्ष निधीचं शेवटचं होतं. शालनबायच्या निवृत्तीचंही तेच वर्ष. कॉलेजला परीक्षेचं सामान ठेवायला ती अंधारी खोली हवी होती. बाहेरून तज्ज्ञांची एक समिती येणार होती. काळी साध्या पाण्यातलं डोपामिन ओळखते हे त्यांनी मान्य केलं होतं. माणसाच्या नमुन्यात ओळखते का, ते दाखवायचं होतं. दाखवता आलं तर काळीला पुढे वाट होती. नाही तर तिला पोत्यात घालून अडगळीत. शालनबायना निवृत्तीची चिंता नव्हती. पण काळीला पोत्यात घालायची गोष्ट निघाली की त्या उठून दुसरीकडे जात.

निरोगी माणसाच्या लघवीत डोपामिन साधारण किती असतं हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. तेव्हा निरोगी माणसांचे नमुने घ्यायचे, काळीचे आकडे त्या मर्यादेत येतात का ते पाहायचं. रीतसर परवानगी काढली. निरोगी माणसं म्हणजे आम्ही. आणि अशा रीतीने एका सकाळी नावं घातलेल्या बाटल्या स्टाफरूममध्ये आल्या.

बाटल्यांबरोबर केळीही आली. लाटंबार्सेच्या माणसाला कुणाकडून काही घ्यायचं आणि त्याला कोरड्या हाताने धाडायचं हे जमत नाही. आपाने कुळागरातला सालदाट्यांचा अख्खा घड पाठवला होता. जाड सालीची, गोड, आमच्याकडची केळी. ज्याला बाटली त्याला दोन केळी. आणि शालनबाय समोर उभं राहून खायला लावत होत्या, कारण मागच्या रक्तदान शिबिरात उपाशीपोटी आलेला एक जण आडवा झाला होता. ‘‘पयलीं खा. मागीर एक तास घे. आनी मागीर भर.’’ गणिताच्या बाईंना सर्दी होती म्हणून त्यांची बाटली रद्द झाली आणि त्यांनी आपली दोन केळी मला दिली. मी ती खाल्ली आणि दिवसभर त्याची बोच बाळगली.

तीन दिवसांनी आकडे आले. सगळेच्या सगळे मर्यादेच्या वर. थोडे नव्हे, भलतेच वर. फक्त एक माणूस मर्यादेत होता, ते म्हणजे आमचे हेडक्लार्क मिनेझिस.

शालनबायनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण आकडे प्रयोगशाळेच्या फळ्यावर होते आणि फळा दाराशी. कुणीतरी कुठेतरी वाचलं होतं की डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन. तासाभरात सगळ्या कॉलेजला कळलं की आमचा स्टाफ आनंदाने काठोकाठ भरलेला आहे आणि मिनेझिस तेवढे कोरडे आहेत. कुणालाही यात नवल वाटलं नाही. मिनेझिसना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. रजेचा अर्ज घेऊन गेलं की ते अर्जाकडे नव्हे, तुमच्याकडे शोक केल्यासारखे बघत. लोक म्हणाले, मशीन बरोबर आहे, माणूस ओळखतं. क्रीडाशिक्षकांनी आपला आकडा तीनदा विचारून घेतला. ‘‘मुतांतलें म्हणजे मेंदूंतलें न्हय,’’ शालनबाय घसा फोडून सांगत होत्या, पण तोवर ‘मा.’ प्राचार्य आपला आकडा एका पालकाला सांगत होते.

सगळ्यांत वरचा आकडा माझा होता.

माझा. ज्याला आपण जेवलो याचीसुद्धा टोचणी लागते त्याचा. संध्याकाळी घरी गेलो तर विद्याला कळलेलं होतं. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, ‘‘कॉलेजात नेमकं चालतं तरी काय तुझं?’’ मी तिच्या हातातली सुरी घेतली, उरलेली भाजी चिरली आणि तिची माफी मागितली.

मिनेझिसच्या आकड्यामुळे सगळ्यांचा काळीवर विश्वास बसला. एकट्या शालनबायचा उडाला. अख्खा स्टाफ एका वेळी आजारी असू शकत नाही, म्हणजे यंत्र चुकतंय. ‘‘दुदांत उदक आसा,’’ त्या म्हणाल्या. कुठेतरी भेसळ आहे. आणि मग त्या भेसळ शोधू लागल्या. उजेड कुठून शिरतोय का म्हणून जनेलावर आणखी कागद. लघवीत क जीवनसत्त्व असतं, तेही काळीला फसवू शकतं, म्हणून पट्टीवर त्याला अडवणारा एक पातळ पडदा असे. तो सोलून नवा चढवला. नवा लेप, नवा दिवा. आकडे हलेनात. त्या जेवणाचा डबा न खाता परत नेऊ लागल्या. काळीला थोपटणं बंद झालं. बसताना नुसतं बटण दाबत.

मला ते बघवेना. मी जाऊन कबूल केलं की मागच्या आठवड्यात मी चुकून दार उघडलं होतं. त्यांनी तारीख विचारली. मोजमाप त्या दिवशी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मी कबूल केलं की बाटल्या मीच नळाच्या पाण्याने विसळल्या होत्या. त्यांनी नळाचं पाणी तपासलं. ते निर्दोष निघालं. तिसऱ्या दिवशी मी सांगायला गेलो की मुळात धोंडस मी चोरून आणलं होतं आणि कदाचित तिथूनच. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

‘‘शशी, तुज्या हातान इतलें व्हडलें नुकसान जावचें ना रे. तुजी तितली तांक ना. उगी राव.’’

तेवढं नुकसान करायची माझी ताकदच नाही म्हणे. इतक्या प्रेमाने मला कोणी निर्दोष ठरवलं नव्हतं.

समिती आठवड्यावर आली. आणि एका सकाळी मिनेझिस आले. प्रयोगशाळेत त्यांचा पाय कधी लागत नसे. त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि त्यांनी ती बरीच लांब धरली होती. ती त्यांनी शालनबायच्या मेजावर ठेवली. आत दोन सालदाटी, काळी ठिक्कर.

‘‘मॅडम, माका साकर आसा,’’ मिनेझिस म्हणाले. ‘‘ना म्हणप बरें दिसना म्हणून घेतलीं. आफिसांत वचून खातां अशें म्हळें, खणांत दवरलीं आनी विसरलों. आतां आफिसांत मुंगयो जाल्यात.’’

मधुमेहाच्या माणसाला आपण केळी खायला लावत होतो म्हणून शालनबाय ओशाळल्या. माफी मागायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. त्या केळ्यांकडे बघत होत्या.

‘‘मिनेझिस, तुमी तीं खायलींच नात?’’

‘‘ना.’’

‘‘एकूय ना?’’

‘‘साकर आसा म्हणटां न्हय, मॅडम.’’

शालनबायनी त्यांचे दोन्ही हात धरले. मिनेझिसच्या चेहऱ्यावर भीती उमटली, जी आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

केळ्याची साल काळी पडते ती तिच्यातल्या डोपामिनमुळे. हवेशी गाठ पडली की ते काळवंडतं. हे त्यांनी कित्येक वर्षं दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवलं होतं. गरातही ते असतं. खाल्लेलं मेंदूपर्यंत पोचत नाही, लघवीवाटे बाहेर पडतं. काळी पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होती. ती आपाची केळी मोजत होती. आमच्या सगळ्यांच्या आनंदाचा घड लाटंबार्सेहून आलेला होता, आणि चार केळी खाल्ल्यामुळे माझा आनंद दुप्पट होता.

त्यांनी सालीचा अजून न काळवंडलेला आतला थर खरवडला, पाण्यात घोळवला आणि अंधारात शिरल्या. आम्ही बाहेर. मिनेझिससुद्धा थांबले. थोड्या वेळाने आतून हसू ऐकू आलं. आधी स्वतःशीच हसल्यासारखं, मग मोठं. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. ‘‘काळयेक हांवें फटकिरी म्हळें रे,’’ त्या मला म्हणाल्या. काळीला खोटारडी म्हटलं मी. आणि वळून परत आत गेल्या. दाराला कान लावायची माझी हिंमत झाली नाही, पण डब्यावर थोपटल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

दुसऱ्या फेरीत केळ्यांना बंदी. सगळे आकडे मर्यादेत आले. माझाही. मला हायसं वाटलं. क्रीडाशिक्षकांना मात्र अपमान वाटला आणि त्यांनी फेरमोजणी मागितली. मिनेझिसचा आकडा होता तिथेच राहिला.

समितीपुढे पहिली फेरी दाखवूच नये असं माझं मत होतं. चांगले आकडे आहेत, ते ठेवावेत. शालनबायनी दोन्ही ठेवले, शेजारी शेजारी, मध्ये केळ्याचं चित्र. समितीत बंगळूरचे एक कृश, कडक गृहस्थ होते, सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. त्यांनी इंग्रजीत विचारलं की प्रयोगात नसताना स्वयंसेवकांना केळी कशासाठी दिली. शालनबाय चक्रावल्या. असा प्रश्न असू शकतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग म्हणाल्या, माणूस आपल्या दारी काहीतरी द्यायला आला, त्याला तसाच कसा धाडायचा?

त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला. मग विचारलं, केळी आहेत का. होती. त्यांनी आधी एक बाटली मागून घेतली, मग केळी. तीन खाल्ली. दुपारी काळीपुढे त्यांच्या दोन्ही बाटल्या बसल्या आणि हे गृहस्थ अंधारात, शालनबायच्या ‘‘हिलो मत’’च्या हुकमाखाली, आलेखातली स्वतःच्या आकड्याची रेघ वर चढताना मान लांब करून बघत राहिले.

निधी वाढला नाही. निवृत्त माणसाला तो देता येत नाही, नियम तसा. खोलीही गेली. पण त्या गृहस्थांच्या प्रयोगशाळेला जोडून रुग्णालय होतं आणि तिथे कंपवाताचे रोगी येत. त्यांनी शालनबायना सांगितलं, पट्ट्या तयार करा, काळीला घेऊन या, आमच्या रोग्यांवर तिची परीक्षा करू. तिथे टिकली तर दवाखान्यात ठेवता येईल असा छोटा डबा करायची जबाबदारी त्यांची. नाही टिकली तर संपलं. विद्याने आईशी फोनवर बोलत बोलत शेवटचं धोंडस करपवलं. त्याच्या पट्ट्या शालनबायनी एकेक करून अंधारात लेपल्या, काळीच्या पोटात भरल्या आणि डबा काळ्या चिकटपट्टीने पुरा गुंडाळला. तेवढ्याच पट्ट्या होत्या. नव्या करायला ना खोली उरली होती, ना ते पोलादी भांडं.

मोपाच्या विमानतळावर भर पावसात मीच त्यांना सोडायला गेलो. डबा पूर्ण वाट त्यांच्या मांडीवर. काचेच्या दाराशी तिकीट बघणाऱ्या जवानाने त्या गुंडाळीवर बोट ठेवलं. ‘‘इसमें क्या है?’’

‘‘काळी है,’’ शालनबाय म्हणाल्या. मग सावरून, ‘‘मशीन है. दिमाग का केमिकल पकडती है.’’

जवानाने वरिष्ठाला बोलावलं. उंच, मिशाळ अधिकारी आला. त्याने शांतपणे सांगितलं, खोला. शालनबायनी डबा पोटाशी घट्ट धरला. ‘‘खोलेगा तो मरेगी.’’

विमानतळाच्या दारात उच्चारण्याच्या लायकीची ती वाक्यं नव्हेत. मला त्या क्षणी स्वतःला अटक करून घ्यावीशी वाटली. मी पुढे झालो आणि म्हणालो, ‘‘गलती मेरी है, सर.’’ अधिकाऱ्याने विचारलं, कौन-सी गलती? मी विचार केला. काही सुचलं नाही.

तोवर मागे रांग वाढली होती. सुट्टी संपवून निघालेले पर्यटक, मोठमोठ्या बॅगा. शालनबायनी मागे वळून पाहिलंही नाही. त्या अधिकाऱ्याला धड्यासारखं समजावू लागल्या: आत पट्ट्या आहेत, उजेड लागला की गेल्या, मग आपल्याला दुसऱ्या मिळणार नाहीत, मला नाही, रोग्यांनाही नाही. मशीनमधून घाला हवी तेवढी वेळा, फक्त उजेडात उघडू नका. अधिकारी म्हणाला, पण हे आहे काय ते मला कसं कळणार? ते त्यांना पटलं. पर्समधून त्यांनी चहाच्या रंगाच्या पाण्याची बोटभर कुपी काढली, जांभळा टॉर्च काढला, आणि माझ्याकडे हात केला. ‘‘शशी, रेनकोट दी.’’

मी अंगावरचा रेनकोट काढून दिला. त्यांनी तो स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि एक कड उचलून त्या उंच माणसाला आत यायची खूण केली. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग टोपी काढून जवानाकडे दिली, वाकला आणि आत गेला.

रेनकोटखाली दोन पाठी आणि चार पाय एवढंच दिसत होतं. रांगेतल्या एका बाईने मला विचारलं, काय चाललंय. मी म्हणालो, अंधार करताहेत, आणि सगळ्या रांगेची माफी मागितली. आतून टॉर्चचं बटण वाजलं. मग अधिकाऱ्याचा आवाज आला, एकदम हळू, देवळात बोलतात तसा. ‘‘यादव, तू भी आ जा.’’

जवान त्या टोपीसकट आत शिरला.

बाहेर आले तेव्हा तिघांचेही केस विस्कटलेले होते. अधिकाऱ्याने डबा मागितला. शालनबायनी काही क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि दिला. त्याने तो दोन्ही हातांवर घेतला, वर माझा रेनकोट टाकला आणि जवानाला सांगितलं, मशीनमधून मी स्वतः घालतो. दोघं आत निघाले. शालनबाय शेजारून चालत त्याला काहीतरी सांगत होत्या, बहुधा पाय कसा टाकायचा ते. माझा निरोप घ्यायचा त्या विसरल्या.

काचेचं दार मागे मिटलं. आतल्या दालनाच्या छताला ओळीने प्रखर दिवे होते. शालनबाय त्यांच्याखाली थबकल्या आणि वर बघू लागल्या. त्यांच्यापुढे गेलेला अधिकारीही थांबला, त्याने वर पाहिलं, आणि कुणी न सांगता रेनकोटची एक बाही डब्याच्या उघड्या राहिलेल्या कोपऱ्यावर ओढून घेतली.